माणसं गाव का सोडतात, आणि सोडूनही गरीब का राहतात

गेल्या माघात आमच्या खालच्या बाथरूमची फरशी निघाली. मिस्त्री ओळखीचा होता, पण त्याच्या हाताखाली दोन माणसं हवी होती, म्हणून सकाळी आठला त्याच्या स्कूटरवर मागे बसून मजदूर चौकात गेले. इंदूरला असे चौक बरेच आहेत. बंद दुकानांच्या पायऱ्या, एक पोह्यांची गाडी, आणि फुटपाथवर शे-दीडशे माणसं. रंगाऱ्याने ब्रश पुढे ठेवलेला असतो, सुताराची करवत पिशवीतून डोकावते, तीच त्यांची पाटी. ज्यांच्यापुढे फक्त जेवणाचा डबा असतो ते बिगारी. बाईमाणसाला इथे रेजा म्हणतात.

आठ वाजता रेजाचा भाव पाचशे होता. माझा मिस्त्री मात्र कोपऱ्यावर चहा पीत बसून राहिला. मी म्हटलं, चला ना. तो म्हणाला, थांबा. नऊनंतर चौक निम्मा रिकामा झाला आणि उरलेल्यांच्या आवाजातला जोर गेला. सव्वानऊला तो उठला आणि माणशी चारशेत एक जोडपं घेऊन आला. तो का थांबला ते मला तेव्हा उमगलं. जरा लाज वाटली, पण चारशेच दिले हेही सांगून टाकते. ती दोघं अलीराजपूरकडची, म्हणजे गुजरातला लागून असलेल्या भिल मुलखातली. बाईच्या कडेवर अडीच-तीन वर्षांची मुलगी, आणखी तिघं गावी आजीजवळ.

तेव्हा आमचे भाऊजी पुण्याहून आलेले होते. अंगणात चहा पिता पिता त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "चार पोरं! वहिनी, तुम्ही तीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलंत. मला सांगा, अशानं गरिबी जाणार कशी?" हा प्रश्न मला वर्गातही दरवर्षी कुणी ना कुणी विचारलेला आहे. उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

सासऱ्यांच्या कपाटात लाल फडक्यात बांधलेली वंशावळीची वही आहे. आमचं घराणं साताऱ्याकडून होळकरांच्या खजिन्यात कारकुनीला इंदुरास आलं, तिथपासूनची. ती काढून मी भाऊजींपुढे ठेवली. त्यांच्या पणजीच्या नावाखाली अकरा ओळी आहेत. पैकी चारच ओळी पुढच्या पानावर जातात. बाकी ठिकाणी बारीक अक्षरात "कन्या, बारा दिवस", "पुत्र, देवीने गेला", एका ओळीत तर नावही नाही, नुसती आडवी रेघ. आजीची सात बाळंतपणं, सहा मुलं जगली. सासूबाईंना तीन. भाऊजींना स्वतःला एक. "बघा," म्हटलं, "तुमच्या पणजीला अकरा झाली तेव्हा घर फारसं वाढलं नाही. आजीला सातच झाली, तेव्हा वाढलं."

देशाचा हिशेब असाच आहे. लोकसंख्या फुगते ती लोक जास्त मुलं जन्माला घालायला लागतात म्हणून नव्हे. मरणं आधी कमी होतात आणि जन्म कमी व्हायला मागाहून एक-दोन पिढ्या जातात, म्हणून ती फुगते. मधल्या काळात जन्म जुन्या चालीने होत असतात आणि मृत्यू नव्या चालीने. पणजीच्या काळी जन्मही अमाप आणि मृत्यूही अमाप. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी थोडी घटली, कारण मध्ये १९१८ची इन्फ्लुएंझाची साथ येऊन गेली. इंदुरात तर त्याआधी प्लेगनं ठाण मांडलं होतं. १९१७-१८च्या सुमारास पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश नगररचनाकार होळकरांच्या दरबारी आले. त्यांनी काय करावं? दिवाळीची मिरवणूक सगळ्यात स्वच्छ मोहल्ल्यांतून जाईल असं जाहीर करून टाकलं. घरोघरी झाडलोट, गटारं उपसणं, कचऱ्याच्या गाड्याच्या गाड्या गावाबाहेर. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराचं सोंग काढलं. आजच्या स्वच्छ इंदूरच्या जाहिराती पाहिल्या की मला तो उंदीर आठवतो.

पुढे लस आली, बरं पाणी आलं, दवाखाने आले. स्वातंत्र्याच्या वेळी भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान बत्तीसच्या आसपास होतं, ते आता सत्तरवर आहे. १९७१ला हजार बाळांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत जात, २०२० साली २८. मूल जगणार याची खात्री पटली की आईबाप थांबतात, पण ती खात्री पटायला दोनचार पाळणे भरलेले राहिलेले डोळ्यांनी पाहावे लागतात. २०२० साली मध्य प्रदेशात हा आकडा ४३ होता, देशात सर्वांत जास्त. म्हणजे आमच्याकडे आया उशिरा थांबल्या, यात नवल ते काय. तरी वेग बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ला मध्य प्रदेशातल्या बाईला सरासरी ३.१ मुलं होती, २०१९-२१ला २.०. जोडप्याची जागा पुढच्या पिढीत तेवढ्यास तेवढी भरून निघायला २.१ लागतात. त्याखाली आम्ही आलोसुद्धा. आमच्या वहीला सातवरून तिनावर यायला जो काळ लागला, त्याच्या निम्म्यात राज्याने हे केलं. अलीराजपूरसारखे जिल्हे मागे आहेत, कारण तिथे शाळा मागे आहे. २०११च्या जनगणनेत त्या जिल्ह्यातली साक्षरता ३६ टक्के होती, अख्ख्या देशात तळाला. मुलगी दहावीपर्यंत शिकली की लग्न पुढे जातं, पहिलं मूल पुढे जातं, आणि शेवटचं मूल होतच नाही. याला सक्तीची गरज पडत नाही. १९७६च्या नसबंदीने काय साधलं, हे तेव्हाच्या कुणालाही विचारावं.

मग मुलं कमी झाली तरी माणसं वाढतातच कशी, हा पुढचा प्रश्न. काल जन्मलेल्या मुली आज आया होत असतात. त्या पिढीत मुलींची संख्याच मोठी आहे, म्हणून प्रत्येकीला दोनच झाली तरी पाळणे पुष्कळ हलतात. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे भारताची लोकसंख्या २०६०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत वाढत जाऊन १७० कोटींच्या आसपास थांबेल. चालत्या गाडीचा ब्रेक दाबल्यावर गाडी जितकी पुढे जाते, तितकं हे. "ब्रेक दाबा" म्हणून ओरडणाऱ्यांना तो दाबून झालाय हे ठाऊक नसतं.

भाऊजींचं म्हणणं मात्र अगदीच टाकाऊ नाही. एका ठिकाणी पोरांची संख्या खरोखर चावते, आणि ती जागा म्हणजे शेत. समजा आजोबाकडे बारा बिघे होते. चार मुलगे, प्रत्येकी तीन. त्यातल्या एकाला दोन मुलगे, प्रत्येकी दीड. अलीराजपूर-झाबुआच्या टेकड्यांवर दीड बिघ्यात पावसाच्या भरवशावर मका, थोडे उडीद, जमलं तर कपाशी. दिवाळीपर्यंत दाणे घरात येतात आणि माघात कणगी रिकामी होते. पण हीच चार मुलं एखाद्या प्राध्यापकाच्या घरी झाली असती तर गरिबी आली नसती, फक्त फिया भरताना कंबरडं मोडलं असतं. जिथे जमिनीशिवाय दुसरं साधन नाही तिथेच वाटणी गरिबी आणते. आणि जिथे म्हातारपणी पेन्शन नाही, तिथे मुलगा हीच पेन्शन. गरीब म्हणून मुलं जास्त, की मुलं जास्त म्हणून गरीब? दोन्ही खरं आहे. पहिलं लोक कमी बोलतात, एवढंच.

आता स्थलांतर. हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे गाठोडं घेतलेला पुरुष येतो. आकडे वेगळंच सांगतात. २०११च्या जनगणनेत देशात ४५ कोटींहून अधिक माणसं जागा बदललेली निघाली, शंभरात सदतीस. बहुतेक बायका. सरकारच्याच २०२०-२१च्या श्रमबल पाहणीत शंभर बायकांत जवळजवळ ४८ जणी स्थलांतरित, पुरुषांत जेमतेम ११. कारण सरळ आहे: लग्न. माहेर सोडून सासरी जाणं हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं स्थलांतर, आणि त्याला स्थलांतर म्हणायचं कुणाला सुचत नाही. मी स्वतः देवासहून इथे आले, म्हणजे मीही त्या आकड्यात आहे.

शहर फुगतं तेही सगळं बाहेरच्यांमुळे नाही. इंदूर १९५१ला तीन लाखांवर होतं, २०११ला महानगरपालिकेच्या हद्दीत साडेएकोणीस लाखांच्या वर. त्यात आमच्यासारख्यांच्या घरी इथेच झालेली मुलं आहेत. त्यात न हलता शहरवासी झालेले लोकही आहेत: दशकभरापूर्वी आसपासची २९ गावं पालिकेत आली आणि निपानियाचा शेतकरी रात्रीत इंदूरकर झाला. देशभराचा हिशेब धरला तर शहरांच्या वाढीत खेड्यातून आलेल्यांचा वाटा साधारण पाव हिस्सा भरतो. गर्दीचं खापर मात्र पूर्ण त्यांच्यावर.

मग ती दोघं इथे का आली? अर्थशास्त्रात या प्रश्नाला दोन जुनी उत्तरं आहेत. १९५४ला आर्थर ल्युइस यांनी सांगितलं की शेतीत गरजेपेक्षा जास्त हात अडकलेले असतात. ते कारखान्यात गेले तर शेतीचं उत्पन्न घटत नाही आणि कारखान्याचं वाढतं. असं करत करत एक दिवस गावातले फालतू हात संपतात, मजुरी चढू लागते आणि देश वर येतो. चित्र सुंदर आहे. पण पूर्व आफ्रिकेतल्या शहरांत नोकऱ्या वाढवल्या तर बेकारी कमी होण्याऐवजी वाढायला लागली. मायकेल टोडारो आणि जॉन हॅरिस यांनी १९७०ला त्याचं कोडं सोडवलं: गावाकडचा माणूस शहरातली मजुरी बघून निघत नाही, ती मजुरी मिळण्याची शक्यता बघून निघतो. चौकात थोडी जास्त कामं निघाली की ती बातमी गावी पोचते, आणि निघालेल्या कामांपेक्षा जास्त माणसं बसमध्ये चढतात.

आमच्या चौकाच्या भाषेत सांगते, आकडे समजण्यापुरते. गावी मजुरी अडीचशे, पण महिन्यात काम आठ दिवस: दोन हजार. शहरात मजुरी पाचशे, काम चौदा दिवस: सात हजार. त्यातून खाणं, बसभाडं, आजारपण, टापरीचं म्हणजे झोपडीचं भाडं मिळून चार हजार गेले. उरले तीन. म्हणजे मजुरी दुप्पट असून हातात पडणारा फायदा महिन्याला हजार रुपये. हा फायदा टिकतो कशावर? चौदा दिवसांवर. ते दहावर आले की उरतो हजार, आणि त्यापेक्षा गाव बरं. म्हणूनच सव्वानऊला माणूस चारशेला कबूल होतो. काम नसलेला दिवसही शहरात फुकट जात नाही, तो खिशातून जातो.

मग हजार रुपयांसाठी एवढी धडपड? इथे जुन्या उत्तरांना एक नवं जोडावं लागतं, जे ऐंशीच्या दशकात पुढे आलं: निर्णय एका माणसाचा नसतो, घराचा असतो. पाऊस दगा देतो तेव्हा सगळ्या गावाला एकदम देतो. अशा वेळी घरातले दोन हात अशा ठिकाणी असावेत जिथे त्या पावसाचा संबंध नाही. शहर हा त्यांचा पीकविमा. पतही तिथूनच येते. भिलांमध्ये नोतरा नावाची पद्धत आहे. लग्नकार्यात सगळं गाव पैसे देतं आणि ज्याने दिलं त्याच्या घरच्या कार्यात ते फेडायचे. पण नोतऱ्याने लग्न निघतं, ऑपरेशन निघत नाही. त्यासाठी सावकार आहे आणि बाईच्या अंगावरची चांदी आहे. आमच्याकडे आलेल्या बाईचं गळ्यातलं आणि पायातलं दोन्ही गावच्या सराफाकडे गहाण होतं. सासऱ्याच्या पायाचं हाड मोडलं तेव्हा ठेवलेलं. ती चांदी सोडवणं हाच या वर्षीच्या इंदूरचा उद्देश. "मजुरीला आलो" असं ती म्हणालीच नाही. "रकम छुड़ानी है," म्हणाली. तिकडे दागिन्याला रकम म्हणतात.

जायचं कुठे हे मात्र नकाशा ठरवत नाही. अलीराजपूरहून बडोदा इंदूरपेक्षा जवळ आहे आणि तिकडची पुष्कळ माणसं गुजरातेतच जातात. ही दोघं इथे आली, कारण तिचा भाऊ इथल्या एका ठेकेदाराकडे होता. माणूस माणसाच्या मागे जातो. ज्यांच्यामुळे आम्ही मराठी लोक इंदुरात आहोत त्या मल्हारराव होळकरांची गोष्ट हीच. वडील वारले, आई पोराला घेऊन होळ गावाहून खानदेशात तळोद्याला भावाकडे आली. तिथे मामाच्या मेंढ्या आणि मामाच्या पदरचे स्वार. मामा तळोद्याला नसता तर राजवाडा इंदुरात नसता. ज्याला मामाच नाही, बसभाड्याचे पैसे नाहीत, तो निघतच नाही. सगळ्यात गरीब माणूस स्थलांतरितांत सापडत नाही, तो मागे राहिलेला असतो. बांगलादेशातल्या रंगपूर भागात २००८ला उपासमारीच्या हंगामाआधी काही घरांना बसभाड्याएवढी, साधारण साडेआठ डॉलरची मदत देऊन पाहिली. बावीस टक्के घरांनी त्यामुळे माणूस शहराला पाठवला आणि मागे राहिलेल्यांच्या ताटात अन्न वाढलं. पुढे हाच प्रयोग खूप मोठ्या प्रमाणावर केला तेव्हा तसा गुण आला नाही, हेही सांगायला हवं. बसभाडं हे कुलूप आहे, पण प्रत्येक घराला तेच कुलूप नसतं.

आता खरा पेच. इंदूरच्या परदेशीपुऱ्यात राहणारी माणसंही एकेकाळी गाठोडं घेऊनच आली होती. नावातच आहे: परदेशी, बाहेरून आलेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मालवा मिल निघाली, मग हुकुमचंद, पुढे एकामागून एक. मिलमध्ये लागलेल्याला दर महिन्याला पगार होता, प्रॉव्हिडंट फंड होता, विम्याचा दवाखाना होता. नंदानगरसारखी वस्ती कामगारांसाठी उभी राहिली. माझ्या वर्गात मिल कामगारांच्या मुली यायच्या. बाप साच्यावर, मुलगी बी.कॉम.ला. एका पिढीत घर उचललं गेलं. मग मिलचे भोंगे थांबत गेले. हुकुमचंद मिल १९९१-९२ला बंद पडली आणि कामगारांचे थकलेले सुमारे २२४ कोटी रुपये मिळायला डिसेंबर २०२३ उजाडलं. चार हजार आठशे कामगारांच्या नावावर ते पैसे होते आणि त्यातले कितीतरी पैसे वारसांनी घेतले. आज जवळच पीथमपूरला कारखाने आहेत, पण तिथे दहावी-आयटीआय लागते आणि तिथलेही बरेच जण ठेकेदारामार्फत. ल्युइस यांच्या चित्रातला कारखाना चौकात येऊन उभा राहतच नाही. तिथे येतो माझ्यासारखीचा मिस्त्री, चार दिवसांच्या कामासाठी.

गाव सोडल्याने गरिबी जाते की नाही, हे कुठल्या दारातून शहरात शिरलात यावर ठरतं, असं मला तीस वर्षं शिकवून आणि एक बाथरूम दुरुस्त करून वाटायला लागलंय. पगाराच्या दारातून शिरलेला शहरात रुजतो. दिहाडीच्या दारातून शिरलेला येतो-जातो: दिवाळीनंतर येणार, होळीआधीच्या भगोरियाच्या हाटांना गावी जाणार, पुन्हा येणार, पहिल्या पावसाला पेरणीसाठी परतणार. त्याचं रेशनकार्ड गावचं, मत गावचं, मुलांची शाळा गावची. २०२० पासून मध्य प्रदेशचं रेशन दुसरीकडेही उचलता येतं, पण मागे राहिलेल्या आजी आणि तीन मुलांनाही तेच धान्य खायचं आहे. बांधकाम मजुरांसाठी १९९६ला कायदा झाला, मंडळ आहे, मंडळाकडे उपकराचे पैसे आहेत. नोंदणीची मुख्य अट, वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा पुरावा. आज माझ्याकडे, उद्या दुसऱ्याकडे, परवा कुणाकडेच नाही, अशा माणसाने नव्वद दिवस कुणाकुणाच्या सहीने आणायचे? माझ्याकडे तिने सही मागितली नाही. अशी सही असते हे तिला ठाऊकच नव्हतं. मीही आपणहून दिली नाही, ते मला आत्ता लिहिताना सुचतंय.

ही माणसं नेमकी किती, हेही धड मोजलेलं नाही. जनगणना तुम्ही कुठे राहता हे विचारते, कितीदा येता-जाता हे नाही. आणि तीही २०११ नंतर झालेली नाही, पुढची १ मार्च २०२७ ही तारीख धरून होणार आहे. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मुंबई-आग्रा रस्त्याने बिजासनचा घाट चढून माणसांची रांग इंदूर बायपासवर आली, तेव्हा शहराने त्यांना पहिल्यांदा एकत्र पाहिलं. आमच्या गल्लीतून पोळ्या जात होत्या. कुणी चपला वाटत होतं. कारण पायातल्या झिजलेल्या होत्या. त्या रांगेतले काही जण तर इंदुरात कामाला येऊन गेलेलेच असणार, पण चौकात बसलेल्या माणसाचा चेहरा कोण बघतं.

गरिबी मोजायच्या दोन पट्ट्या आहेत हे इथे सांगितलं पाहिजे, कारण त्यावरून घराघरांत भांडणं होतात. एक पट्टी पैशाची: २०११-१२ला तेंडुलकर समितीच्या पद्धतीने शहरात महिन्याला माणशी १००० आणि खेड्यात ८१६ रुपये खर्च करू शकणारा गरीब नाही. दुसरी पट्टी घरात काय नाही ते मोजते: पोषण, शाळेची वर्षं, संडास, पाणी, वीज, पक्कं छप्पर, बँकेचं खातं. नीती आयोगाच्या या दुसऱ्या पट्टीने २०१५-१६ला अलीराजपूर जिल्ह्यात शंभरातली ७१ माणसं गरीब निघाली. २०१९-२१पर्यंत सबंध मध्य प्रदेशचा आकडा साडेछत्तीसवरून साडेवीसवर आला, म्हणजे घरं खरोखर सुधारलीत. पण आमच्याकडची बाई या पट्टीवर कुठे ठेवायची? गावच्या घरात संडास आहे, वीज आहे, खातंही आहे. त्या घरात ती वर्षातले चार महिने असते. उरलेले आठ महिने ती प्लास्टिक बांधलेल्या टापरीत राहते आणि तिथे पाहणीवाला जात नाही. दमडीच्या पट्टीने ती शहरात श्रीमंत, वस्तूंच्या पट्टीने गावात सुधारलेली, आणि रोज सकाळी आठला फुटपाथवर. तब्येतीची किंमत तर कुठल्याच पट्टीत नाही. याच जिल्ह्यांतून गोध्र्याकडच्या दगड दळायच्या कारखान्यांत गेलेली माणसं फुप्फुसात धूळ घेऊन परतली. २०१६ला सुप्रीम कोर्टाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. ते कमावून आणायला गेले होते.

भाऊजी हे सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हणजे आम्हीही स्थलांतरितच की." अर्थात. आमच्या ओळखीतल्या घरांतली निम्मी मुलं पुण्यात, बंगळुरात. इथल्या रामबागेत, लोकमान्य नगरात जुन्या बंगल्यांत सत्तरीची जोडपी एकटी राहतात आणि रात्री नऊला व्हिडिओ कॉलची वाट बघतात. गाव इथेही रिकामं होतंच आहे. फरक एवढाच की भाऊजी पुण्याला गेले तेव्हा हातात नेमणुकीचं पत्र होतं, सदाशिव पेठेत मावशी होती, आणि नोकरी गेली असती तर परत यायला इथे दोन मजली घर होतं.

सहा दिवसांत फरशी झाली. शेवटच्या दिवशी बाईने हात धुतले आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बोट करून विचारलं, "बाई, होली कब की है?" मी पान उलटून दाखवलं. तिने बोटांवर आठवडे मोजले. होळीच्या आधीचे सात दिवस भगोरियाचे हाट, म्हणजे त्याच्या दोन दिवस आधी बस. नवऱ्याला एका स्लॅबचं काम मिळत होतं, ते संपायला होळी आली असती. दोघांची त्यांच्या बोलीत बरीच बोलाचाली झाली. मला कळलं एवढंच की स्लॅब नको. तिच्या हिशेबाचे २४०० झाले होते, त्यातले ८०० तिने मध्ये उचलले होते. उरलेले १६०० घ्यायला ती तयार होईना. टापरीला कडी नाही, पासबुक गावी आहे. "आपके पास रहने दो, जाते टाइम ले जाऊँगी." मी कालनिर्णयाच्या त्या दिवसाच्या चौकोनात, दुधाच्या हिशेबाखाली, १६०० लिहून ठेवले.

होळीच्या दहा दिवस आधी सकाळीच ती आली. मुलीला नवा झगा होता. पैसे दोनदा मोजून तिने लुगड्याच्या पदराला गाठ मारली. चांदी सुटणार का, मी विचारलं. गळ्यातली सुटेल, म्हणाली, पायातली पुढच्या खेपेला. मग दारात थांबून बाथरूमकडे मान वळवली आणि विचारलं की वरच्या मजल्यावरची फरशीही जुनीच आहे ना.